बाराखडी पाठ, तरी ‘पाटी’ वाचता येईना

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. बीड जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकाच खोलीत. पहिलीच्या लेकरांना मुळाक्षरं आणि ‘क’ची बाराखडी चालीवर पाठ आहे, पण फळ्यावर ‘पाटी’ लिहिलं की वाचता येत नाही. निम्मी लेकरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार. शहरात इंग्रजी फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचे वर्ग चालतात, तसं मराठीत काही आहे का, असंही त्या विचारतात.

मॅडम, तुमची लेकरं मंद नाहीत आणि तुमचं शिकवणंही कमी पडलेलं नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांना आलेलं आहे. बाराखडी म्हणायला शिकवली, ती ते म्हणतात. वाचणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळंच शिकवावं लागतं.

त्या लेकराला ‘पाटी’ वाचायला लावा आणि नीट कान देऊन ऐका. ते म्हणेल, ‘प ला काना पा, ट ला दुसरी वेलांटी टी.’ दोन्ही बरोबर. मग विचारा, काय झालं? ते तुमच्या तोंडाकडं बघेल आणि म्हणेल, ‘पिशवी.’ किंवा चित्र शेजारी असेल तर ‘दप्तर’. कारण ‘पा’ आणि ‘टी’ यांच्यामध्ये त्यानं एवढं म्हटलंय की ‘टी’पर्यंत पोचेस्तोवर ‘पा’ डोक्यातून निघून गेलेला असतो. काना, वेलांटी ही चिन्हांची नावं आहेत. नावं आपण शिक्षकांनी एकमेकांत बोलायला वापरावीत. लेकरानं ‘पा’ बघून एका झटक्यात ‘पा’ म्हणायचं, बस्स.

तेव्हा पहिलं काम, उद्यापासून ‘क ला काना का’ बंद. बाराखडी तोंडी म्हणायची तर खुशाल म्हणा, चाल गोड आहे आणि आजी-आजोबांना बरं वाटतं, पण तो वाचनाचा तास धरू नका. ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ घरं झाली. त्यातली ‘ङ’ आणि ‘ञ’ची घरं लेकराला उभ्या आयुष्यात कुठं भेटणार नाहीत. ‘ऌ’ तर एका ‘कॢप्ती’पुरता. शासनाच्या २००९च्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत म्हणून पहिलीतच ५२ उरकले पाहिजेत असं कुणी म्हटलेलं नाही.

आता फोनिक्सचं. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, म्हणून त्यांना तो उद्योग करावा लागतो. आपल्याकडं ‘म’चं नाव तेच त्याचा आवाज. ही आपली मोठी सोय. पण आपली अडचण निराळ्या जागी आहे. आपल्या लिपीत व्यंजनाच्या पोटात ‘अ’ धरलेला असतो, आणि बोलताना तो ‘अ’ कुठं उच्चारायचा, कुठं गिळायचा हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. ‘घर’ आपण ‘घर्’ म्हणतो. ‘करवत’ बोलताना ‘कर्-वत्’ होतं. लेकरू मात्र प्रामाणिकपणे ‘घ... र...’ असं शेवटचा ‘र’ लांबवून म्हणतं, आणि ‘घरऽऽ’ असला शब्द त्यानं कधी ऐकलेला नसतो. मग त्याला घर आठवत नाही.

म्हणूनच बिनकान्याच्या शब्दांपासून सुरुवात करायची जुनी रीत मला पटत नाही. ‘नळ बघ, बस धर’ छापाची वाक्यं सोपी दिसतात, पण जोडायला तीच अवघड. ‘काम’ घ्या. ‘का’ लांबवता येतो. ‘म’वर ओठ मिटले की शब्द आपोआप बंद होतो. ताक, नाक, रात, साप, बाक, सगळे याच जातीचे. काना हा पहिल्याच आठवड्यात द्यावा, पहिल्या चार अक्षरांबरोबर.

जोडायला शिकवताना मी हे असं करायला सांगतो. खडूनं जमिनीवर ‘का’ मोठा काढा आणि हातभर अंतरावर ‘म’. लेकरानं ‘का’वर उभं राहून ‘काऽऽऽ’ सुरू करायचं आणि श्वास न तोडता चालत चालत ‘म’पर्यंत जायचं, पाय पडला की ओठ मिटायचे. श्वास तुटला की परत मागं. दुसऱ्या फेरीला अंतर निम्मं करा. मग शेजारी शेजारी. मग पाटीवर बोट फिरवून. हे चालणं लेकरांना खेळ वाटतं आणि त्यात एक गोष्ट पक्की होते, की दोन अक्षरांमध्ये थांबायचं नसतं. थांबल्यावरच ‘पिशवी’ होते.

हे तोंडी काम अक्षरांच्या आधी आणि बरोबर, रोज पंधरा मिनिटं तरी हवं. शब्दाचे तुकडे टाळ्यांनी पाडणं, ‘बकरी’तला पहिला आवाज कोणता, ‘ताक’मधून ‘ता’ काढला तर काय उरलं. आपल्या लेकरांना हे नवं नाही. भेंड्या हा शेवटचं अक्षर पकडायचाच खेळ आहे. तिसरी-चौथीतली पोरं ‘च’ची भाषा बोलतात, ‘शाळा’चं ‘चळाशा’ करतात, आणि तेही इतक्या वेगानं की आपल्याला कळत नाही. ते अक्षरांची उलथापालथ कानानं करत असतात. अशा एका पोराला पहिलीच्या वर्गात बोलवा, तासाची मजा येईल. लेकराच्या कानाला अक्षर हा तुकडा सहज सापडतो. ‘क्’ आणि ‘आ’ असं त्याहून बारीक फोडायची घाई पहिलीत नको.

अक्षरांचा क्रम. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीनं अप्रतिम आहे, कंठापासून ओठापर्यंत सगळं रांगेत लावलेलं. पण त्याच कारणानं शिकायला अडचणीचा, कारण सारखे वाटणारे आवाज शेजारी शेजारी येतात. ट, ठ, ड, ढ एका आठवड्यात शिकवले तर सहा वर्षांच्या लेकरानं ते वेगळे कसे ठेवावेत? दिसायला सारखी असलेलीही लांब ठेवा. घ आणि ध, म आणि भ, थ आणि य, ब आणि व. ‘ख’ला पोरं ‘रव’ वाचतात, तो शेवटी शेवटी आला तरी चालतं. गट पाडून शिकवण्याची कल्पना माझी नव्हे. अनेक पाठ्यपुस्तकांत आणि संस्थांच्या साहित्यात गट आहेत, ते थोडेफार वेगवेगळे आहेत आणि कुठला एकच खरा असं नाही. गटाला एकच कसोटी लावा, यातून लेकराच्या तोंडातले किती शब्द होतात.

माझा पहिला गट म, क, र, त आणि काना. एवढ्यात काका, मामा, मका, ताक, रात, काम, तार, मार, कर होतात. पहिल्या पंधरवड्यात लेकरू ‘काका, काम कर’ वाचतं. दुसरा गट ब, न, घ, ल आणि दुसरी वेलांटी. आता ‘बाबा रानात. मी घरी. लाल बकरी घरात.’ एवढा मजकूर झाला, आणि तो आपल्याकडच्या लेकराच्या घरचाच आहे. तिसरा गट स, प, ळ, च, त्यासोबत एक मात्रा आणि दुसरा उकार. तूर, कापूस, चूल, चारा, तेल, केळी, पेर. ‘रानात तूर पेरली. कापूस पेरला.’ तीन गटांत बारा व्यंजनं आणि चार चिन्हं झाली, मुळाक्षरांची निम्मीसुद्धा नाहीत, पण लेकरू वाचतं. चौथ्या वेळी सुटे स्वर आणा, आ, ई, ऊ, म्हणजे ‘आई’ हा शब्द आला, आणि ‘ऊस’ही आला.

दुसरी वेलांटी आधी घेतली याला कारण आहे. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, लेकराचा डोळा तिथं हमखास अडतो. त्यातून मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला फारसा लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बहुतेक ठिकाणी दीर्घच लिहायला सांगतात, पाणी, माती, मी, तू. ‘आणि’सारखे अपवाद थोडे. म्हणजे दीर्घ चिन्ह आधी दिलं तर लेकराच्या रोजच्या शब्दांतले भरपूर शब्द बरोबरच निघतात. ऱ्हस्व नंतर आलं तर ते त्याच आवाजाचं दुसरं रूप म्हणून सहज बसतं. लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं निदान दुसरीच्या अखेरीपर्यंत ठेवून द्या.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार शिकवत बसू नका. ‘चमचा’ म्हणणारं लेकरू ‘चमचे’ आपोआप वेगळं म्हणतं, ‘माझा’चं ‘माझी’ करताना ‘झ’ बदलतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शब्द ओळखीचा असला की उच्चार मागून येतो. अनुस्वाराचंही तेच. चेंडू, आंबा, अंगण, तिन्हीत अनुस्वार वेगळा वाजतो, नियम सांगाल तर गोंधळ होईल. शब्दांतून द्या. रफार, ‘ट्र’, ‘क्र’ वगैरे जोडाक्षरं दुसरीत.

बोलीकडं जरा थांबू, कारण इथं आपल्याच हातून लेकरांची तोंडं बंद होतात. लेकरानं फळ्यावरचं ‘पाणी’ बघून ‘पानी’ म्हटलं. ते वाचलं की चुकलं? वाचलं. त्याला अक्षरं कळली, शब्द कळला, आणि तो त्यानं घरच्या तोंडानं म्हटला. ‘वेळ’ला ‘येळ’, ‘विळा’ला ‘इळा’ म्हटलं तरी वाचलंच. पण ‘वेळ’ला ‘वळ’ म्हटलं तर मात्र वाचलं नाही, मात्रा सुटली. या दोन्हींना सारखीच ‘चूक’ म्हणून थांबवलं की लेकराला कळत नाही आपलं नेमकं काय चुकलं, आणि मग ते तोंडच उघडत नाही. ‘पाणी’ असं लिहितात हे लिहिण्याच्या वेळी सांगा, चारचौघांत त्याच्या आईच्या बोलण्याची नक्कल करून नव्हे.

मजकूरही बोलण्यातला द्या. ‘केले, झाले, गेले’ हे त्यानं घरी कधी ऐकलेलं नसतं. ‘केलं, झालं, गेलं’ लिहा. लेकरांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत मोठ्या कागदावर उतरवून घ्या. लातूर-धाराशिवकडं येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा, रानात काय खाल्लं? भज्जी, आंबील, सगळं येतं. तो कागद आठवडाभर भिंतीवर राहू द्या. त्यात जोडाक्षरं आली तरी बिघडत नाही, तो तुम्ही वाचायचा आणि लेकरांनी आपल्या ओळखीची अक्षरं त्यात हुडकायची.

बंजारा तांड्यावरची लेकरं असतील तर चित्रांचा भरवसा धरू नका. भाकरीचं चित्र दाखवून ‘भ’ शिकवायला जाल तर लेकरू म्हणेल ‘बाटी’. आईच्या चित्राला म्हणेल ‘याडी’. त्याचं काहीच चुकलेलं नाही, तक्ता त्याच्यासाठी छापलेला नाही इतकंच. दखनी उर्दू बोलणाऱ्या घरांतही असं होतं. यांना आधी दोन महिने मराठी शब्द भरपूर ऐकू द्या, आणि सुरुवातीच्या शब्दांत काही त्यांच्या घरच्या बोलीतले घ्या. ‘याडी’ देवनागरीत झकास लिहिता येतं. ते फळ्यावर दिसलं की त्या लेकराची मान वर होते.

तसंही ‘ग गणपतीचा’ हे प्रकरण मी आवरतं घ्यायला सांगतो. ‘गवत’ वाचताना लेकरू ‘गणपती, वजन, तलवार’ म्हणत बसतं आणि गवत राहतं बाजूला. तक्ता भिंतीवर असू द्या, अक्षर आठवलं नाही तर आधार म्हणून.

नावांच्या चिठ्ठ्या करायची पद्धत चांगली. फक्त पूर्वी वर्गात बबन, कमल, दगडू असायचे, जोडाक्षराविना नाव व्हायचं. आता आर्यन, श्रद्धा, ज्ञानेश्वरी. स्वतःचं नाव चित्रासारखं ओळखू द्या, फोडायला लावू नका.

गिरवणं. दहा ओळी ‘क’ लिहून आण म्हटलं की लेकरं काय करतात ते शेजारी बसून बघा. आधी दहाही ओळींत उभ्या रेघा ओढतात, मग सगळ्यांना डावीकडचं पोट, मग उजवीकडचा हात. वही सुंदर दिसते. त्या अर्ध्या तासात ‘क’ हा आवाज एकदाही निघालेला नसतो. त्यापेक्षा पाच शब्द ऐकून लिहायला सांगा, गटातलेच. लेकरू लिहिताना पुटपुटलं पाहिजे. कुणी ‘बकरी’चं ‘बकर’ लिहील, म्हणजे वेलांटी कानाला आली पण हाताला नाही. पुढं ‘भ’ शिकवल्यावर ‘भाकरी’चं ‘बाकरी’ आलं तर त्याला शब्द बोलायला लावा. तोंडासमोर तळहात धरून ‘ब’ आणि ‘भ’ म्हणायला सांगा, ‘भ’ला हवा लागते. प-फ, त-थ यांनाही हाच तळहात. खरं सांगायचं तर लेकराच्या अशा लिहिण्यात आपल्याला उद्या काय शिकवायचं ते आयतं मिळतं. कुठल्या चाचणीपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

तरी तपासायचं असेल तर शिकवलेल्या अक्षरांचे पण कधी न दाखवलेले पाच शब्द द्या. पाठ झालेला धडा वाचून घेण्यात अर्थ नाही, तो पुस्तक उलटं धरूनही म्हणतात. अधूनमधून एखादा बिनअर्थाचा शब्द टाका, ‘तामक’, ‘रमाबी’. लेकरं हसतात, आणि जो अंदाजानं वाचतो तो लगेच कळतो. खेड्यातल्या लेकरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे आहेत. तुमची लेकरं अक्षर आणि शब्द यांच्यामधल्या दरीत आहेत, आणि बहुतेक वर्गांत गर्दी तिथंच असते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाचं पहिलीचं वाचनाचं उद्दिष्टही चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचणं एवढंच आहे. आपल्याच धाटणीच्या कन्नड लिपीवर सोनाली नाग यांनी केलेला २००७चा अभ्यास आहे, त्यात सगळी अक्षरं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं. तेव्हा दिवाळीला बाराखडी पुरी झाली नाही म्हणून कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नका.

ही सगळी वेळ एकाच खोलीत दुसरीला सांभाळून कशी काढायची, हा खरा प्रश्न. दुसरीतल्या बऱ्या वाचणाऱ्यांना पहिलीच्या एकेका लेकराशेजारी बसवा, रोज दहा मिनिटं, गटाच्या शब्दपट्ट्या घेऊन. शिकवणाऱ्याचंही वाचन सुधारतं. आणि दिवसातून एकदा दोन्ही वर्गांना मिळून एक गोष्ट तुम्ही पुस्तकातून मोठ्यानं वाचा, बोट ओळीखालून फिरवत. अक्षरांच्या नादात ही गोष्ट पहिली कापली जाते. ती कापू नका, नाहीतर वाचायचं कशासाठी हेच त्यांना कळत नाही.

राहिली ऊसतोडीची लेकरं. टोळ्या निघायच्या आधी तुमच्या हातात जूनच्या मध्यापासून साधारण चार महिने आहेत. या लेकरांसाठी हिशेब उलटा करा. सगळी मुळाक्षरं बिनकान्याची उरकून पाठवलं तर ते फडावर काहीच वाचू शकणार नाही, आणि मार्च-एप्रिलला परत येईल तेव्हा निम्मी विसरलेलं असेल. बारा अक्षरं आणि चार चिन्हं घेऊन गेलं तर ते ‘ताक’, ‘चारा’, ‘तेल’ वाचतं, पाट्या बघून ओळखीची अक्षरं हुडकतं, आणि जे वाचलं जातं ते विसरत नाही. आजी-आजोबा गावी असतील आणि हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर दसऱ्याच्या आधीच आईबापाशी बोला. उचल घेतल्यावर मुकादमाची गाडी आली की कुणाला बोलायला सवड नसते.

जाणाऱ्याच्या पिशवीत शिक्षण हमी कार्डाबरोबर (स्थलांतर करणाऱ्या लेकराला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड) एक शंभर पानी वही द्या. तिच्यात तुमच्या हातानं लिहिलेले तीन गटांचे शब्द आणि त्याच अक्षरांच्या दहा-बारा छोट्या गोष्टी, पानाला चार ओळी. बाकी पानं कोरी. थोरली बहीण सोबत असेल तर तिला आठवडाभर आधी त्या वहीतून कसं वाचून घ्यायचं ते दाखवा, ‘काना, वेलांटी’ म्हणू द्यायचं नाही हेही सांगा. बापाकडं मोबाइल असतोच. आठवड्याला एक वाक्य पाठवा, त्याच अक्षरांतलं, आणि लेकराच्या आवाजात वाचून परत मागवा. सगळे पाठवणार नाहीत. फडावर रात्री गाड्या भरायच्या असतात, चार्जिंग नसतं. जे पाठवतील त्यांचं ऐका आणि उत्तर द्या. फोनवर ‘ल’ आणि ‘श’ बऱ्याचदा पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे दिसतात, तेवढं जायच्या आधी एकदा दाखवून ठेवा.

परत आल्यावर ‘अ’पासून सुरू करू नका. पहिल्या दिवशी तीच वही उघडा, तीन गटांतले पंधरा शब्द वाचून घ्या. जिथं अडेल त्या गटापासून पुढं धरा. वही हरवली असेल तर दुसरी द्या आणि रागावू नका. आणि तालुक्याला कुणी विचारलं की मॅडम, पहिलीची बाराखडी कुठवर आली, तर त्यांच्यासमोर फळ्यावर ‘रानात तूर पेरली’ लिहून एखाद्या लेकराला पुढं बोलवा.